पोरीनं पाठ टेकली नाही: संधिवात असलेल्या लेकराच्या छातीत दुखतं तेव्हा

त्या तीन रात्री आमची मनू बसून झोपली. मांडी घातलेली, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात आणि हातांवर कपाळ. आडवं केलं की कुरकुरत उठायची, पुन्हा तशीच ओणवी व्हायची. वय सात. संधिवाताचं निदान होऊन दीड वर्ष झालेलं. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या स्टेरॉइडचा डोस कमी केला होता आणि नॅप्रोक्सेन, म्हणजे दुखण्या-सुजेची गोळी, चालू होतं.

बार्शीत माझं मेडिकलचं दुकान आहे. बावीस वर्षं मी गोळ्या देतोय. छातीत दुखतंय म्हणाली तेव्हा माझं उत्तर तयार होतं: नॅप्रोक्सेननं पित्त वाढलंय. पँटोप्राझोल सुरू केलं, वर अँटासिड दिलं. अंगात कसर होती ती संधिवाताचीच, नवीन काय त्यात, असं धरून चाललो. तिसऱ्या रात्री माझी आई उठून आली, पाच मिनिटं मनूकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीनं तीन रात्री पाठ टेकलेली नाही. पित्त झालेलं माणूस असं ओणवं बसतं का रे?"

पहाटे गाडी काढली. सोलापुरात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तेव्हा मनूच्या हृदयाभोवती पाणी दिसलं. वेळेत सापडलं, औषधानं उतरलं. आज ती दहा वर्षांची आहे. पण ते तीन दिवस माझ्या हातून गेले. ज्या घरात असं लेकरू आहे त्या घरात ते जाऊ नयेत, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधाचे डोस इथं लिहिणार नाही, ते मुलाच्या वजनावर ठरतात. काय बघायचं, काय विचारायचं आणि कधी निघायचं, एवढंच सांगतो.

आधी हे: कधी थांबायचंच नाही

मूल धापा टाकतंय, एक वाक्य सलग बोलू शकत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ किंवा नखं निळसर-करडी पडलीत, चक्कर येऊन पडलं, हातपाय गार आणि घामेजलेले आहेत, छाती इतकी धडधडतेय की बनियनवरून दिसतं, किंवा मनूसारखं आडवंच होता येत नाही: यातलं एक जरी असलं तरी पुढचा मजकूर नंतर वाचा. १०८ लावा, नाहीतर गाडी काढा. ताप उतरतच नाही, मूल गुंगीत आहे, नाकातून-हिरड्यांतून रक्त येतंय किंवा अंगावर आपोआप काळे-निळे डाग उठताहेत, तरीही तेच. सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका. जाताना मुलाला बळेच आडवं करू नका. ज्या बैठकीत त्याला बरं वाटतं त्याच बैठकीत न्या.

आपल्या मुलाचा संधिवात कुठला, हे माहीत हवं

लहान मुलांचा संधिवात, ज्याला डॉक्टर जेआयए म्हणतात, हा एक आजार नाही. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला सांध्यांचा दाह, अशी त्याची व्याख्या. तिच्या पोटात वेगवेगळे प्रकार येतात आणि छातीच्या दृष्टीनं त्यांच्यात मोठा फरक आहे. फाइलच्या पहिल्या पानावर प्रकार लिहिलेला असतो. नसेल तर पुढच्या भेटीत लिहून घ्या.

मनूचा प्रकार सिस्टेमिक. यात सांध्यांबरोबर ताप असतो, दिवसातून एकदा-दोनदा, बहुतेक संध्याकाळी, सरकन चढणारा आणि मग पार उतरणारा. ताप चढला की अंगावर फिकट गुलाबी पुरळ येतं, उतरला की तेही जातं. याच प्रकारात हृदयाभोवतीच्या आणि फुप्फुसांभोवतीच्या पातळ आवरणाला सूज येऊन तिथं पाणी साचू शकतं. जॉर्ज स्टिल या इंग्रज डॉक्टरांनी १८९७ साली लहान मुलांच्या या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हाच हृदयाचं आवरण चिकटलेलं आढळल्याची नोंद त्यांनी केली होती. म्हणजे छातीचा आणि या संधिवाताचा संबंध सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. निदान झालं त्या दिवशी मला कुणी तो सांगितला नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसरा प्रकार, मोठ्या मुलग्यांमध्ये जास्त दिसणारा, म्हणजे स्नायूंचे बंध हाडाला जिथं चिकटतात तिथं सूज येणारा. टाच दुखते, कंबर सकाळी आखडते, रक्तात बहुधा एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह असतं. यात छातीच्या मधल्या हाडाला बरगड्या जिथं जुळतात तिथं दुखू शकतं. बाकीच्या प्रकारांत, म्हणजे मोजक्या सांध्यांच्या किंवा अनेक सांध्यांच्या संधिवातात, हृदयाभोवती पाणी होणं कमी आढळतं. कमी म्हणजे नाहीच असं नाही.

कसं विचारायचं

"किती दुखतंय?" हा प्रश्न लहान मुलाला विचारून काही हाती लागत नाही. मनू प्रत्येक वेळी "थोडं" म्हणायची. दीड वर्ष दुखणं अंगावर काढलेलं मूल "थोडं"च म्हणतं. कसं दुखतं ते विचारा, आणि त्यासाठी आपल्या घरातले शब्द वापरा. टोचतंय का? जळजळतंय का? कळ येते आणि जाते का? दडपल्यासारखं वाटतं का? उसण भरल्यासारखं होतं का? पाच वर्षांच्या मुलाला यातला एखादाच शब्द पटतो, पण पटला की ते लगेच मान हलवतं. छातीऐवजी पोट किंवा डावा खांदा दाखवणारी मुलंही असतात. हृदयाच्या आवरणाचं दुखणं खांद्याकडे जातं, म्हणून "खांदा दुखतोय, म्हणजे सांधाच असणार" असं गृहीत धरू नका.

मग या चार गोष्टी बघा. सगळ्या मिळून पाच मिनिटं लागतात.

पहिली, बैठक. मूल स्वतःहून कसं बसतं, कसं झोपतं ते न सांगता, न टोकता बघा. पुढं वाकून बसल्यावर बरं आणि आडवं झाल्यावर वाढतं, हे हृदयाच्या आवरणाच्या सुजेचं जुनं, ओळखीचं लक्षण. मी फसलो कारण पित्ताची जळजळही आडवं झाल्यावर वाढते. पण पित्ताचं मूल उशी उंच केली की निवांत झोपतं. जळजळ सांगतं, घशाशी आंबट येतं, खाण्याच्या वेळेशी त्याचं नातं असतं. मनूला यातलं काही नव्हतं. तिला टोचत होतं, उपाशीपोटीही आणि जेवल्यावरही. शिवाय ताप होता. ताप ही पित्ताची गोष्टच नाही. एवढं मला कळायला हवं होतं.

दुसरी, श्वास. हळूच एक खोल श्वास घ्यायला सांगा. मध्येच थबकून चेहरा वाकडा झाला, खोकल्यावर, शिंकल्यावर, हसल्यावर चमक मारली, तर फुप्फुसांचं आवरण, हृदयाचं आवरण किंवा बरगडी यांपैकी काहीतरी आहे. तीनपैकी कुठलं ते घरी कळत नाही. म्हणून पुढची गोष्ट.

तिसरी, एका बोटानं दाबणं. तळहातानं नाही, एका बोटाच्या टोकानं. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेनं वरून खाली या, आधी दुखत नाही त्या बाजूनं. एखाद्या ठिकाणी मूल "इथंच!" म्हणालं आणि हे दुखणं तेच आहे असं सांगितलं, तर बरगडीच्या कुर्चेचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. त्यानं घाबरायचं कारण नसतं, दुखतं मात्र बरंच. पण दाबून दुखलं म्हणजे आत काही नाही, असा निष्कर्ष काढू नका. ताप असेल किंवा संधिवात सिस्टेमिक असेल, तर बोटानं दाबून जागा सापडली तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

चौथी, मोजणी. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त, त्याहून मोठ्या मुलात ३० च्या वर, म्हणजे श्वास जलद आहे. तापात श्वास आणि ठोके दोन्ही वाढतात, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. उतरल्यावरही तेवढेच असतील तर त्याच दिवशी दाखवा. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत पडून आहे. बोट गार असलं, नखावर गडद मेंदी किंवा नेलपॉलिश असलं तर आकडा फसवतो. बोट चोळून गरम करा, मिनिटभर लावून ठेवा. ९४ च्या खाली राहिला तर निघा. आणि ९८ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मनूचा त्या रात्री ९७ होता.

औषधांबद्दल, कारण हे माझं रोजचं काम आहे

नॅप्रोक्सेन, आयब्युप्रोफेन, इंडोमेथॅसिन ही दाह कमी करणारी औषधं रिकाम्या पोटी देऊ नका. सकाळी शाळेच्या घाईत दुधाच्या दोन घोटांवर गोळी दिली जाते. निदान पोळीचा किंवा भाकरीचा एक तुकडा पोटात जाऊ द्या. स्टेरॉइड सोबत असेल तर पोटाला त्रास जास्त. मुलाची उलटी कॉफीच्या रंगाची झाली किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर ते पोटातलं रक्त असू शकतं. तडक दवाखाना.

छातीत दुखतंय म्हणून घरातली दुसरी दुखण्याची गोळी देऊ नका. दुकानात रोज बघतो: मुलाला नॅप्रोक्सेन चालू असतं आणि आई तापासाठी मेफेनॅमिक अॅसिडचं सिरप मागते. दोन्ही एकाच जातीची औषधं. पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर भार येतो. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे.

स्टेरॉइड आपल्या मनानं बंद करू नका. दोन-चार आठवड्यांहून जास्त दिवस घेतलेलं असेल तर शरीरानं स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं, आणि एकदम थांबवलं तर मूल गळून पडतं. "स्टेरॉइड वाईट" असं सांगणारे शेजारी पुष्कळ भेटतील. आणि डॉक्टरांनी डोस कमी केला असेल तर त्या तारखेवर कॅलेंडरमध्ये खूण करा. मनूचं दुखणं डोस उतरवताना उसळलं. तारीख समोर असती तर दुवा मला पहिल्याच दिवशी लागला असता.

मेथोट्रेक्सेट, हे संधिवाताचं औषध, आठवड्यातून एकदाच. आमच्याकडे शनिवारी, आणि डबीवर मोठ्या अक्षरात "शनिवार" लिहिलेलं आहे. या औषधानं क्वचित फुप्फुसांना सूज येते. मुलांमध्ये ते फार कमी दिसतं, तरी मेथोट्रेक्सेट चालू असताना कोरडा खोकला आणि दम लागायला लागला तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणखी एक: खोकल्या-जुलाबासाठी कुणी कोट्रायमोक्सॅझोल हे अँटिबायोटिक लिहिलं तर "मेथोट्रेक्सेट चालू आहे" हे त्यांना आणि मेडिकलवाल्याला, दोघांनाही सांगा. ही जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते.

बायोलॉजिकल इंजेक्शन, म्हणजे दाह पेटवणारा एखादा घटक नेमका अडवणारं औषध, चालू असेल तर दोन गोष्टी. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालेली असते, पण आपल्या देशात टीबी इतका आहे की नंतरही रेंगाळलेला ताप-खोकला, उतरणारं वजन आणि छातीतलं दुखणं यांकडे डोळेझाक करता येत नाही. दुसरी, टोसिलिझुमॅब, यातलंच एक इंजेक्शन. मनूला आता दर दोन आठवड्यांनी हेच देतात. हे औषध सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, दाबून ठेवतं. न्यूमोनिया असूनही सीआरपी नॉर्मल येऊ शकतो. गावातल्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं नाही. "सीआरपी चांगला आहे, काळजी नको," असं ऐकलं तर नम्रपणे पण स्पष्ट सांगा की या औषधावर तो धरता येत नाही.

आणि बराच काळ स्टेरॉइड घेतलेल्या मुलाची पाठ दुखून कळ बरगडीवरून पुढं येत असेल, तर मणका दबलाय का ते बघावं लागतं. पाठीचा एक्स-रे मागा.

दवाखान्यात गेल्यावर

पहिलं वाक्य महत्त्वाचं. "छातीत दुखतंय" एवढंच म्हणालात तर रांगेत बसवतील, कारण मुलांच्या छातीतलं दुखणं बहुतेक वेळा साधंच असतं. असं म्हणा: "मुलीला सिस्टेमिक संधिवात आहे, स्टेरॉइड चालू आहे, तीन दिवस छातीत दुखतंय, ताप आहे आणि आडवं होता येत नाही. हृदयाभोवती पाणी झालंय का बघा." मी हे पाठ करून गेलो होतो.

ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टूडी इको, या तीन तपासण्या. पाणी खूप असेल तर एक्स-रेत हृदयाची सावली पाण्याच्या पिशवीसारखी पसरट दिसते, पण थोडं असेल तर एक्स-रे नॉर्मल येतो. म्हणून एक्स-रेवर थांबू नका. इकोला दुखत नाही, सुई नाही, फक्त गार जेल लागतं. मुलाला आधी सांगून ठेवा. पण त्यासाठी आडवं व्हावं लागतं. मनूला जमत नव्हतं, तेव्हा तिथल्या मॅडमनी तिला माझ्या छातीला टेकवून अर्धवट बसवलं आणि तसाच इको केला. विचारलं की करतात.

रक्तात सीबीसी म्हणजे पेशींची मोजणी, दाह दाखवणारे ईएसआर, सीआरपी आणि फेरिटिन, लिव्हरच्या तपासण्या, आणि हृदयाच्या स्नायूला सूज आहे का ते बघायला ट्रोपोनिन. जुने रिपोर्ट सोबत न्या, कारण इथं एक मेख आहे. सिस्टेमिक संधिवात उसळला की प्लेटलेट वाढतात. त्या भराभर खाली येऊ लागल्या, ईएसआर घसरला, फेरिटिन मात्र वाढत चाललं आणि ताप हटेना, तर मॅक्रोफेज अॅक्टिव्हेशन सिंड्रोम नावाची जिवावर बेतणारी गुंतागुंत सुरू झालेली असू शकते. तिच्या २०१६ च्या निकषांत प्लेटलेटची रेषा १ लाख ८१ हजारांवर आखलेली आहे. लॅबच्या कागदावर दीड लाखाच्या वर नॉर्मल छापलेलं असतं, म्हणजे १ लाख ७० हजारांचा आकडा ठळक होतच नाही. गेल्या वेळी साडेपाच लाख होत्या आणि आज पावणेदोन, हे तुमच्या फाइलशिवाय कुणाला कळणार? सगळे आकडे तारखेप्रमाणे एका वहीत उतरवा.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. सांधे दुखतात, ताप आहे, हृदयाचं काहीतरी निघालं, की ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणून दर २१ दिवसांचं पेनिसिलिन सुरू होतं. मनूच्या बाबतीत सुरुवातीला तसंच झालं, सहा महिने गेले. ऱ्हुमॅटिक फीव्हर घशाच्या संसर्गानंतर येतो, त्यात दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात उड्या मारतं आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. जेआयएत सांधा आठवडेच्या आठवडे सुजलेला राहतो, सकाळी आखडतो आणि हृदयात बहुधा आवरणाला त्रास होतो. नुसता एएसओ, म्हणजे त्या घशाच्या संसर्गाची रक्तातली खूण, वाढलेला असणं म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर नव्हे. पण पेनिसिलिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. मुलांच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना फाइल दाखवा.

नंतरचे दिवस

पाणी थोडं असेल तर दाह कमी करणाऱ्या औषधांनी, स्टेरॉइडनी किंवा बायोलॉजिकलनी उतरतं. हृदयावर दाब आला तरच सुईनं काढावं लागतं. मनूला ती वेळ आली नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळणं, दोरीच्या उड्या, कबड्डी बंद. शाळेत पीटीच्या सरांना तोंडी सांगून भागत नाही, लेखी द्या, तारखेसह.

एक गोष्ट मला उशिरा कळली. मनू नंतर आडवं व्हायला घाबरायची. दुखत नसतानाही. आज्जी तिच्या शेजारी झोपून रोज एक उशी कमी करायची, चारवरून एकवर यायला तीन आठवडे लागले. त्या काळात "काही नाही, झोप आता," असं म्हणू नका. रोज विचारा, रोज ऐका.

गेल्या दिवाळीनंतर पुन्हा म्हणाली, "पप्पा, छातीत दुखतंय." माझ्या पोटात गोळा आला. पण ताप नव्हता, श्वास बावीस, आडवी होऊन सांगत होती. बोटानं दाबत आलो, डाव्या बाजूच्या चौथ्या बरगडीपाशी "इथं!" म्हणून माझा हात झटकला. दप्तर एकाच खांद्यावर घेत होती. तरी दुसऱ्या दिवशी दाखवलं आणि इकोही केला, कारण तिचा प्रकार सिस्टेमिक आहे. बरगडीच निघाली.

तिच्या दप्तरात आता लॅमिनेट केलेलं एक कार्ड असतं. तुम्हीही करा, झेरॉक्सच्या दुकानात होतं. पुढच्या बाजूला मुलाचं नाव, वजन, संधिवाताचा प्रकार, चालू औषधं, "स्टेरॉइड एकदम थांबवू नये", "टोसिलिझुमॅब चालू, सीआरपीवर विसंबू नये", आणि खाली: "छातीत दुखत असेल आणि ताप असेल, धाप लागली असेल किंवा आडवं होता येत नसेल तर लगेच टूडी इको." मागच्या बाजूला डॉक्टरांचा नंबर, माझा, तिच्या आईचा. मनूनं स्वतःच्या अक्षरात त्याखाली चौथा लिहिलाय, आज्जीचा.